टाकीची पातळी आणि ६४ पेल्यांचा रांजण

सचिव, अ-१०१ :
सर्व सभासदांना नमस्कार. मंगळवारी पहाटे वीज परत आल्यावर टाकी भरलेली असतानाही मोटार सुरू झाली आणि जवळजवळ पंचवीस मिनिटे गच्चीवरून पाणी वाहत राहिले. जळगावच्या मे महिन्यात वाघूर धरणाचे पाणी असे वाया जाणे आपल्याला परवडणारे नाही. पातळी मोजणारी यंत्रणा ब-२०४ मधील दादांनी बसवली आहे, तेव्हा कारण व उपाय त्यांनी येथेच लिहावा.

ब-२०४ :
सचिव साहेब, चूक माझ्या प्रोग्रॅममधली आहे आणि ती सापडली आहे. टाकीतला सेन्सर दर १० सेकंदांनी ० ते १०२३ यांपैकी एक आकडा देतो. पाणी हलते, व्होल्टेज वर-खाली होते, त्यामुळे हा आकडा सतत थरथरतो. एकेका आकड्यावर मोटार सोडली तर ती सारखी चालू-बंद होऊन जळेल, म्हणून मी चालती सरासरी, म्हणजे अलीकडच्या आकड्यांची दर वेळी नव्याने होणारी सरासरी काढतो. ही सरासरी वीज आल्यावर शून्यापासून सुरू होत होती, म्हणजे भरलेली टाकी तिला रिकामी दिसत होती.

नाना, क-३०२ :
दादा, सरासरी काढायची तर जुन्या सगळ्या नोंदी जपून ठेवाव्या लागतील ना? आणि शून्यापासून सुरू झाली तरी ताळ्यावर यायला तिला पंचवीस मिनिटे का लागावीत?

ब-२०४ :
नाना, आधी साठवणुकीचे सांगतो. मोटार सांभाळणाऱ्या आपल्या आर्डुइनो उनो या छोट्या संगणक-बोर्डावर चालू कामासाठी फक्त २,०४८ बाइट (बाइट म्हणजे मेमरी मोजायचे एकक) मेमरी आहे. एक नोंद २ बाइट घेते. एक नोंद म्हणजे एक पेला पाणी समजा. शेवटच्या ६४ नोंदी ठेवायच्या तर ६४ पेले ओळीने मांडावे लागतात आणि नवा पेला आला की सर्वांत जुना उचलावा लागतो. दर वेळी सगळ्यांची बेरीज नव्याने करावी लागत नाही; पासबुकात जशी मागच्या शिल्लकेत जमा मिळवतो आणि खर्च वजा करतो, तसे जुन्या बेरजेतून गेलेला आकडा काढून आलेला मिळवला की झाले. पण त्या ओळीला १२८ बाइट लागतात, आणि चारही विंगच्या टाक्या जोडल्यावर ५१२, म्हणजे मेमरीचा चौथा हिस्सा एवढ्यातच जातो.

म्हणून मी ओळ न मांडता एकच रांजण ठेवला आहे. त्यात ६४ पेले पाणी मावते. दर १० सेकंदांनी मिसळलेल्या पाण्यातला एक पेला काढायचा आणि ताज्या नोंदीचा एक पेला ओतायचा. रांजणातल्या बेरजेला ६४ ने भागले की सरासरी मिळते. १०२३ गुणिले ६४ म्हणजे ६५,४७२ होतात आणि २ बाइटमध्ये ६५,५३५ पर्यंतचा आकडा मावतो, त्यामुळे एका टाकीचे काम २ बाइटमध्ये भागते.

यात जुने पाणी एकदम निघून जात नाही. ४४ नोंदींनंतरही जवळपास निम्मे उरते. तुमच्या पंचवीस मिनिटांचे उत्तर येथेच आहे. शून्यापासून निघालेला रांजण ९० टक्क्यांवर, म्हणजे मोटार बंद होण्याच्या खुणेवर यायला सुमारे १४६ नोंदी लागतात आणि त्यांची २४ मिनिटे होतात. उपाय सोपा आहे : वीज आल्यावर पहिल्याच नोंदीने रांजण काठोकाठ भरायचा, म्हणजे ती नोंद गुणिले ६४. मात्र तीच नोंद चुकीची निघाली तर सगळेच बिघडेल, म्हणून आता सुरुवातीला तीन नोंदी घेऊन त्यांतली मधली धरतो.

ताई, अ-२०२ :
बेरजेऐवजी सरळ सरासरीच का ठेवत नाही? नवी नोंद आणि सरासरी यांतला फरक ६४ ने भागून मिळवला तरी उत्तर तेच यायला हवे.

ब-२०४ :
ताई, कागदावर उत्तर तेच येते. पण पूर्णांकांच्या हिशोबात फरक ६४ पेक्षा कमी असला की भागाकार शून्य येतो आणि सरासरी जागची हलत नाही. टाकी सहा टक्के रिकामी झाली तरी तिला ते कळणार नाही. बेरीज ठेवली की हे बारीक फरकही तीत साठत राहतात.

सचिव, अ-१०१ :
टँकर मागवायचा की नाही हे ठरवण्यासाठी मला मागच्या २४ तासांची सरासरी पातळी हवी असते. ती या रांजणातून मिळेल का?

ब-२०४ :
नाही, साहेब. रांजणाची आठवण काही मिनिटांचीच असते. दिवसभराच्या ८,६४० नोंदी ठेवायच्या म्हटल्या तर १७,२८० बाइट लागतील आणि तेवढी जागा बोर्डावर नाही. त्याऐवजी दर तासाची एक सरासरी काढून तशा २४ ठेवतो, त्यांना फक्त ४८ बाइट लागतात. चालू तासाच्या ३६० नोंदींची बेरीज मात्र ४ बाइटमध्ये ठेवावी लागते, कारण ती २ बाइटमध्ये मावत नाही. तुमचा आकडा दर १० सेकंदांनी न बदलता तासातासाने बदलेल. टँकरच्या निर्णयासाठी तेवढे पुरेसे आहे असे मला वाटते.

सचिव, अ-१०१ :
पुरेसे आहे. रविवारी सकाळी ९ वाजता नवा प्रोग्रॅम चढवावा आणि मुख्य स्वीच तीन वेळा बंद-चालू करून पाहावा. नाना, तुम्ही गच्चीवर टाकीजवळ थांबाल का?

नाना, क-३०२ :
थांबतो. पातळी मोजायला लाकडी पट्टी घेऊन येतो, म्हणजे दादांचा आकडा तिथल्या तिथे पडताळता येईल.