बॅटरी १०० दाखवते आणि लॅपटॉप मान टाकतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जुना थिंकपॅड सेकंडहँड घेतलाय. त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-आयकॉनवालं रूप, मुद्दाम घातलं नाही. काळी स्क्रीन आणि विम हा टेक्स्ट एडिटर, लिहायला मला तेवढं पुरे. पण कोपऱ्यात बॅटरीचं चित्र नाही, म्हणून बॅटरी किती टक्के उरली ते बघायला अधूनमधून ही कमांड चालवतो:

कॅट /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/कपॅसिटी

चार्जर काढून सव्वा तास झाला तरी उत्तर १००. ९९ सुद्धा नाही! त्याच फोल्डरमधली स्टेटस फाइल म्हणते ‘नॉट चार्जिंग’. काल लाइट गेलेली, १०० बघून निवांत लिहीत बसलो, नंतर बघितलंच नाही. मशीन बंद, दोन पानं गेली. (हो, सेव्ह करायला हवं होतं. माहितेय.)

प्रतिसाद १: बॅटरी पूर्ण उतरवून एकदा फुल चार्ज करा.

प्रतिसाद २: थांबा, उगाच उतरवू नका. आधी एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारून पॉवर_सप्लाय फोल्डरमध्ये काय काय आहे ते बघा. थिंकपॅडच्या काही मॉडेलांत दोन बॅटऱ्या असतात, एक आत, एक मागून निघणारी. आधी बाहेरची वापरली जाते, तोवर आतली गप्प बसते. म्हणून ‘नॉट चार्जिंग’.

धागाकर्ता: अरेच्चा! बॅट१ पण आहे, म्हणजे बाहेरची, आणि ती आत्ता ३१ वर. बॅट० आतली. मग दोन्हींची सरासरी काढू?

प्रतिसाद २: सरासरी फसवेल. दोन्हींच्या एनर्जी_फुल फाइली वाचा, पूर्ण भरल्यावर किती ऊर्जा मावते ते कळेल. आकडा मायक्रोवॉट-अवरमध्ये येतो, दहा लाखांनी भागा.

धागाकर्ता: आतली २०.१ वॉट-अवर, बाहेरची ११.३. बाहेरची बरीच थकलीय.

प्रतिसाद २: बघा, बाहेरची शून्यावर आली की सरासरी म्हणेल ५०%, खरे उरलेले ६४%. दोन्ही एनर्जी_नाऊंची (आत्ता उरलेली ऊर्जा) बेरीज भागिले दोन्ही एनर्जी_फुलांची बेरीज. एवढा खटाटोप नको असेल तर यूपॉवर हा बॅटरीची माहिती देणारा प्रोग्राम टाका, त्यातलं डिस्प्लेडिव्हाइस दोन्ही एकत्र धरून सांगतं. नुसती एसीपीआय -बी ही कमांड मारलीत तरी दोन ओळी येतात, निदान दुसरी बॅटरी नजरेआड होत नाही.

धागाकर्ता: बेरजेची स्क्रिप्ट लिहिली, चालतेय. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) दर ५ मिनिटांनी बघते. १५ च्या खाली गेलं की स्क्रीनवर ओरडायला काय वापरू?

प्रतिसाद २: वॉल, सगळ्या उघड्या टर्मिनलवर संदेश टाकणारी कमांड. विममध्ये अक्षरं विस्कटतील, कंट्रोल-एल दाबलंत की पुन्हा जागेवर. आणि त्याआधी सेव्ह!