पंप दुरुस्त होत नाहीये, पाणी संपायच्या आत मदत हवी आहे

निखट्टू
नमस्कार मंडळी. गेममध्ये पंपापाशी पोचलोय, रिपेअर कौशल्य वापरतोय, ढिम्म काही होत नाही. आमच्या भूमिगत वॉल्टला पाण्यासाठी हवी असलेली चिप कुठे आहे ते माहीत आहे, पण ती आधी उचलली तर इथले घूल (किरणोत्सर्गाने विद्रूप झालेली माणसं) तहानेने मरतील असं वाचलंय, म्हणून पंप पहिला. दिवस भराभर जाताहेत. ज्याने केलंय त्याने फक्त एवढंच सांगा की तो चालू कसा करायचा. बाकी निबंध नकोत. व्हिडिओ बघून झाले, बाबालोक अर्धा तास बडबडतात आणि नेमका पंप गाळून पुढे जातात.

चिपळूणचे_अण्णा
मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, असं होतंय का? मग कपॅसिटर गेला. फिरते पण पाणी येत नसेल तर फुटव्हॉल्व्ह बघा. त्यात कचरा अडकला की पाइपातलं पाणी खाली उतरतं, मग कितीही प्राइमिंग करा. विहीर आहे की बोअर? सिंगल फेज की थ्री फेज? हे लिहिल्याशिवाय कोण काय सांगणार.

टकाटक
अण्णा, धागा वाचा हो, शीर्षकावर जाऊ नका. गेम आहे तो.
निखट्टू, फॉलआउट ना? कितवा?

निखट्टू
चिप, घूल, पंप म्हटल्यावर कितवा काय विचारता. पहिलाच.

चिपळूणचे_अण्णा
असं होय. तरी कपॅसिटरचं लक्षात ठेवा, उन्हाळ्यात उपयोगी पडेल.

जुना_खेळाडू
पिपबॉयवर (मनगटावरच्या यंत्रावर) किती दिवस उरलेत? रिपेअर किती टक्के? टॅग, म्हणजे खास निवडलेली कौशल्यं, कोणते? सोबत कोण आहे? पॅच घातलेली आवृत्ती आहे की नाही? डॉक्टरकडे जाऊन ‘दुखतंय’ एवढंच सांगितल्यासारखं झालं हे.

निखट्टू
टॅग स्मॉल गन्स, स्पीच, लॉकपिक. रिपेअर पंचविसाच्या आसपास. दिवस साठेक. सोबत इयान. पॅचचं माहीत नाही, सेलमध्ये घेतला आणि टाकला.

विदर्भवीर
साठ दिवस अन् रिपेअर पंचवीस? बुडालं भाऊ तुमचं. नव्याने सुरू करा. सुरुवातीला गिफ्टेड हे वैशिष्ट्य घ्या, सातही गुण एकेकाने वाढतात. एजिलिटी थेट १०, म्हणजे एका पाळीत १० अ‍ॅक्शन पॉइंट. स्मॉल गन्स टॅग, अन् डोळ्यावर नेम. समोरचा कोणीही असो, आंधळा करून टाकायचा. मी याच्याशिवाय खेळतच नाही.

जुना_खेळाडू
गिफ्टेड घेतला की सगळी कौशल्यं १० टक्क्यांनी खाली येतात आणि दर लेव्हलला ५ पॉइंट कमी मिळतात, हे सोयीस्करपणे विसरलात. त्याचं रिपेअर अजून खाली गेलं असतं. त्याने पंप विचारलाय, पुनर्जन्म नाही.

विदर्भवीर
गुण वाढले की कौशल्यंही थोडी वर सरकतात न. हिशोब पूर्ण करा.

जुना_खेळाडू
थोडी. दहा नाही.

टकाटक
रच्याकने, डोळ्यावर नेम धरायला अ‍ॅक्शन पॉइंट जास्त लागतो आणि नेम लागायची शक्यता पार कोसळते. स्मॉल गन्स साठाला असताना डोळा मागणं म्हणजे गोळ्या उधळणं. सुरुवातीला पाय बरे. विंचवाचे पाय अधू झाले की तो रांगत येतो, आपण दोन पावलं मागे सरकून परत हाणायचं. टर्न-बेस्डची, म्हणजे पाळीपाळीने लढायची, खरी मजा तिथे आहे. अ‍ॅक्शन पॉइंटचे दिवे मोजायचे, एक उरला तर एक पाऊल मागे.

बे_एरियातला_बाळू
हा पंप आहे ते नेक्रोपोलिस म्हणजे आमच्या कॅलिफोर्नियातलं बेकर्सफील्ड. त्याखालचा वॉल्ट १२ मुद्दाम नीट बंद होणार नाही असा बांधलेला, म्हणून आतल्या माणसांचे घूल झाले. हायवे ९९ने जाताना तेलाचे पंप वर-खाली करताना दिसतात तेव्हा दर वेळी हा गेम आठवतो. बायकोला सांगून बघितलं, तिने गाडीतलं गाणं मोठं केलं.

निखट्टू
बाळू, छान. पंपाचं?

जुना_खेळाडू
तेच विचारणार होतो. जंक आहे का तुझ्याकडे? सामानात ‘जंक’ नावाची वस्तू. नुसतं रिपेअर लावून पंप चालू होत नाही, सुटे भाग लागतात. गटारातून आलास ना? तिथे जमिनीखाली राहणारे घूल भेटतात, ते गोळी घालत नाहीत. त्यांच्या म्होरक्याशी बोललास का?

निखट्टू
गटारातून आलो, सरळ पहिली शिडी दिसली तशी वर चढलो. गटारात थांबून गप्पा कोण मारतं?

जुना_खेळाडू
या गेममध्ये सगळेच मारतात.
परत खाली उतर. त्या घूलांना शोध, म्होरक्याशी नीट बोल, पंपाचा विषय तोच काढतो. मग गटाराचे बाकीचे फाटे पालथे घाल, सुटे भाग तिथेच पडलेत. ते घेऊन वर ये आणि पंपावर वापर. रिपेअर पंचवीस आहे त्यामुळे लगेच जमेल असं नाही, पुन्हा पुन्हा करून बघ. आधी वेगळ्या जागी सेव्ह कर. दहा जागा दिल्यात, एकाच जागेवर घासत बसू नको.

टकाटक
+१. आणि रिपेअर वाढवायचं तर ‘डीन्स इलेक्ट्रॉनिक्स’ नावाचं पुस्तक. हब नावाच्या गावात पुस्तकवाली बाई आहे तिच्याकडे बघ. फक्त एक गोष्ट, वाचायला गेममधले तास जातात, बुद्धी कमी असेल तर जास्त.

अर्धवटराव
एवढा खटाटोप कशाला? चिप घ्या, आपल्या वॉल्ट १३ला न्या, विषय संपला. घूल तसेही फार काळ टिकत नाहीत, म्यूटंट येऊन सगळ्यांना साफ करतात. मी कायम हेच केलंय, गेम काही अडत नाही.

खारीबिस्किट
कसले हो तुम्ही. त्या बिचाऱ्यांनी तुमचं काय घोडं मारलं? म्यूटंट उशिरा गेल्यावर येतात, वेळेत गेलं तर ते जिवंत असतात. आपल्या वॉल्टसाठी पाणी आणायला निघायचं आणि वाटेत दुसऱ्यांचं तोडायचं, हे तुम्हाला चालतं?

अर्धवटराव
ताई, पिक्सेल आहेत ते.

खारीबिस्किट
मग तुमचा वॉल्ट १३सुद्धा पिक्सेलच आहे. तो का वाचवताय?

अर्धवटराव
बरं, दिवसच कमी पडत असतील तर हबमध्ये जाऊन पाणीवाल्या व्यापाऱ्यांना पैसे मोजा. ते वॉल्ट १३ला काफिला पाठवतात, १०० दिवस वाढतात. मूळचे १५० आणि हे १००. एवढ्यात पंप काय, धरण बांधून होईल.

विदर्भवीर
अन् म्यूटंटांना वॉल्टचा पत्ता लागतो, ते सांगत नाही तुम्ही! काफिला पाठवला की म्यूटंट वॉल्टवर चालून यायची मुदत ५००वरून ४०० दिवसांवर येते. माझा एक गेम असाच गेला. मी तिकडे मजेत फिरतोय अन् इकडे वॉल्टवर हल्ला.

जुना_खेळाडू
ते विनापॅच आवृत्तीत. १.१ पॅचने ती ५०० दिवसांची मुदत काढून पार १३ वर्षांवर नेली. म्हणूनच मघाशी पॅच विचारला होता, हौस म्हणून नाही. हल्ली विकतात त्यात पॅच असतो. त्यामुळे काफिला पाठवायला हरकत नाही, पण साठ दिवसांत परतीचा प्रवासही धरून चिप आरामात पोचते. पैसे चामड्याच्या चिलखतावर घाल.

सोलापूरकर_९८
मुदत काढली तिथेच मजा गेली. आम्ही सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून खेळायचो, वॉल्टचं पाणी आणि खिशातली चिल्लर बरोबरच संपायची. आत्ताच्या पोरांना बाण दाखवणारा नकाशा लागतो. १९९७चा गेम आहे, माहिती पुस्तिका वाचून खेळायचा असतो.

टकाटक
काका, निखट्टूला नकाशा नाही, जंक हवंय.

इतिहासाचार्य
मुळात हा १९८८च्या वेस्टलँडचा मानसपुत्र. दोन्ही इंटरप्लेचे. टिम केनने काम सुरू केलं तेव्हा गर्प्स ही कागदावर खेळायची नियमावली वापरायची ठरली होती, तो करार फिसकटला आणि मग घाईने स्वतःची स्पेशल पद्धत बनवली. सात गुण, सात अक्षरं. घाईत केलेली गोष्ट इतकी टिकते, याचं मला अजून नवल वाटतं. वेळ मिळाल्यास गर्प्सवर स्वतंत्र धागा काढतो.

टकाटक
काढाच. म्हणजे हा मोकळा होईल.

मुक्ता_पुणे
प्राइमवरची २०२४ची मालिका बघितली, आवडली. त्यात शेडी सँड्स आहे तेच यात आहे का? मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला हा गेम देऊ का? आणि फोनवर चालतो का?

जुना_खेळाडू
तेच गाव, पण यात नुकतं वसलेलं, मातीच्या भिंती, दोन डोक्यांच्या गायी. फोनवर चालतो, फॉलआउट कम्युनिटी एडिशन घ्या. ती अँड्रॉइडवर चालते, पण मूळ गेमच्या फाइल्स विकत घेतलेल्या असाव्या लागतात. मुलाला नको. रक्ताचा तपशील वर्णन करून सांगतात आणि दारू, ड्रग्ज, जुगार सगळं आहे. सोळा-सतराचा झाला की बघा.

विदर्भवीर
अ‍ॅटम आरपीजी खेळायला द्या त्याला.

खारीबिस्किट
त्यातही तेच सगळं आहे. वाचून सुचवा हो.

निखट्टू
जंक मिळालं. खालचा म्होरक्या भेटला, भला माणूस आहे. चार-पाच वेळा खटपट केल्यावर पंप सुरू झाला. जुना_खेळाडू, धन्स.
आता नवीन लफडं. इथल्या वॉल्ट १२मधून चिप घेतली आणि निघतोय तर इयान दरवाजाच्या चौकटीत उभा. हलत नाही. बोललो, वळलो, लांब जाऊन आलो, तिथेच. मागे चमकणारे घूल आहेत आणि गायगर काउंटर बोंबलतोय.

टकाटक
हाहाहा. सोबत्याला ढकलायचं ‘पुश’चं बटण दुसऱ्या भागात आलं, पहिल्यात नाही.

जुना_खेळाडू
‘ए’ दाबून लढाई सुरू कर, स्पेसने तुझी पाळी सोड. त्याची पाळी आली की कधीकधी सरकतो. एक-दोन फेऱ्या बघ, मग एंटर दाबून लढाई संपव. आणि त्याच्या हातात एसएमजी (छोटी मशीनगन) दिली असशील तर आधी त्याच्या रेषेतून बाजूला हो. शत्रू आणि तू यांत तो फरक करत नाही.

विदर्भवीर
मी काय म्हणतो, गोळी घाला त्याला.

निखट्टू
एसएमजीच आहे.