खचलेली खाण वेगळी, खणलेली खाण वेगळी

मुठाकाठी: "इंग्लंडात कोळशाच्या खाणी खचल्या आणि पक्ष्यांचं राखीव क्षेत्र झालं. मग पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणी बुजवायच्या कशाला? पाणी आहेच, पक्षी आपोआप येतील." ही पोस्ट सकाळपासून चौथ्यांदा आली. पाणी साचलं की पाणथळ होत नाही हो! विगनचे फ्लॅश, म्हणजे खाणीवरची जमीन खचून झालेली तळी घ्या, नाहीतर यॉर्कशायरचं फेअरबर्न इंग्ज. तिथे कोळशाचा थर पट्ट्यापट्ट्याने काढला, टेकू पुढे सरकवत मागचं छत कोसळू दिलं, वरची जमीन बसली. बसली ती परातीसारखी, काढलेल्या पट्ट्याच्याही बाहेरपर्यंत. म्हणून काठ उथळ, आणि त्या काठावर नळ, म्हणजे उंच पाणगवत, माजतो. आपल्या खाणी काळ्या पाषाणात सुरुंग लावून केलेल्या. एक पाऊल टाकलं की डोक्यावर पाणी. काठाशी चालत चरणाऱ्या तुतवाराला बोटभर पाणी लागतं, शेकाट्याला फार तर वीतभर. इथे बुडी मारणारे टिबुकली आणि पाणकावळा येतील, बस्स.

खडीवाला: म्हणजे बुजवाच! बिल्डर पेढे वाटतील. एका बाजूने खडीचा चुरा आणि मुरूम ओतून १० मीटरला १ मीटर उतार द्या, वर फूटभर गाळ. झाला काठ.

मुठाकाठी: आणि मे महिन्यात पातळी ३ मीटर उतरली की पाणी ३० मीटर मागे, नळ कोरड्यात. तिकडे पाण्याच्या तोंडाशी फळ्यांचं दार असतं, फळी काढली-घातली की पातळी हातात. खाणीला ना ओढा, ना सांडवा.

पाषाणकर: उताराचं राहू द्या, जलपर्णीचं काय? पुण्यातच पाषाण तलावाला काय चाललंय ते दिसतंय ना. मैलापाणी शिरलं की तुमच्या उथळ काठावर आधी तीच.

खडीवाला: मशीन लावा, काढा.

पाषाणकर: मशीन! कोंबासकट तुटलेला प्रत्येक तुकडा नवं रोप होतो. काढलेला ढीग काठावरच टाकतात, पहिल्या पावसात त्याचा रस परत तळ्यात. बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. रिकामे ड्रम दोरीला बांधून आडवा अडसर घाला, फुलं यायच्या आत ओढा आणि त्याच दिवशी लांब न्या.

मुठाकाठी: जलपर्णी खाणारे भुंगे सोडलेत की १९८३ पासून.

पाषाणकर: सोडलेत! त्यांना पानं पोखरायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि ठेकेदार दरवर्षी पानांसकट भुंगेही डंपरमध्ये भरतो. टेंडर जलपर्णीचं निघतं, मैल्याचं निघत नाही. नाला अडवल्याशिवाय बाकी सगळं फोटोपुरतं.

खडीवाला: धागा खाणीचा आहे, नाल्याचा नाही.

पाषाणकर: खाणीत नाला सोडायला कितीसा वेळ लागतो?

मुठाकाठी: हे मात्र खरं. आणि "आपोआप" तिकडेही काही झालेलं नाही. नळ आळीपाळीने कापून बाहेर काढतात, नाहीतर पाचोळा साचून जमीन वर येते आणि विलोची झाडं घुसतात. विगन-लीच्या फ्लॅशना राष्ट्रीय राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला २०२२ साली, खाणी बंद होऊन कित्येक दशकं उलटल्यावर.

खडीवाला: बरं बाबा, जिंकलात. उतार एकसलग नको, पायऱ्यापायऱ्यांचा करू; पातळी उतरेल तशी खालची पायरी उथळ होईल. हे तरी चालेल, की त्यालाही कोळसाच लागतो?

मुठाकाठी: चालेल. पायरी निदान ५ मीटर रुंद ठेवा, आणि भरावात सिमेंटचा राडारोडा नको, पाणी अल्कधर्मी होतं.

पाषाणकर: आणि नाला?