न्यूकॅसल १, आर्सेनल ०: व्हीएआरच्या नावानं किती दिवस बोटं मोडणार?

पांढऱ्या बाह्या (५ नोव्हेंबर २०२३)

काल न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवर आपण आर्सेनलवाले हरलो. या मोसमातला लीगमधला पहिलाच पराभव. ६४व्या मिनिटाला गॉर्डनचा गोल, मग चारेक मिनिटं व्हीएआरची (व्हिडिओ रेफ्रीची) तपासणी, आणि शेवटी गोल कायम. सामना संपल्यावर आपला मॅनेजर आर्टेटा रेफ्रींवर बरसला, आज क्लबनंही त्याच्या पाठिंब्याचं पत्रक काढलं. कालपासून जो तो रेषेवरच्या चेंडूचा फोटो मोठा करकरून दाखवतोय.

मला काय वाटतं ते सांगतो, शिव्या नंतर घाला. तो गोल रद्द झाला असता तरी आपण जिंकलो नसतोच. त्यांच्या गोलकीपरला, पोपला, घाम फुटावा असा एक तरी फटका आठवतोय का कुणाला? तोही कुठल्या न्यूकॅसलसमोर, तर टोनालीवर बंदी, इसाक, बोटमन, बार्न्स तिघं जखमी.

११ सामन्यांत आपले २३ गोल. आकडा बरा दिसतो. पण त्यातल्या सहा पेनल्टी आहेत आणि एक स्पर्सच्या रोमेरोचा स्वयंगोल. मागच्या मोसमात ११ सामन्यांनंतर २८ गुण होते, आज २४ आहेत. झाका गेला, त्यानं गेल्या वर्षी लीगमध्ये सात गोल केले होते. त्याच्या जागी साडेसहा कोटी पौंड मोजून हावर्ट्झ आणला. त्याचा लीगमधला आजवरचा एकमेव गोल कोणता? बोर्नमथला २-० पुढे असताना बाकीच्यांनी कौतुकानं हातात दिलेली पेनल्टी.

जानेवारीत खरा स्ट्रायकर आणला नाही, तर विजेतेपद विसरा.

तोफवाला

साफ असहमत. त्या गोलाच्या तपासण्या तीन झाल्या, त्या एकेक करून बघा.

पहिली: मर्फीचा फटका बाहेर चाललेला, विलॉकनं (आपल्याच अकादमीचं पोर, काय बोलणार!) धावत जाऊन चेंडू आत ओढला. चेंडू पूर्ण रेषेपलीकडे गेला की नाही हे ठरवता येईल असा एकही कॅमेरा नाही. दुसरी: त्यांचा जोएलिंटन उडी मारताना आपल्या गॅब्रिएलच्या पाठीवर दोन्ही हात टेकवतो. गॅब्रिएल पुढे झुकतो, त्याला मान वर करता येत नाही. तरी "स्पष्ट चूक" म्हणायला पुरेसं नाही. तिसरी: ऑफसाइड. चेंडू नेमका कधी खेळला गेला तेच दिसत नाही, म्हणून रेष आखता आली नाही.

म्हणजे तीनदा "कळत नाही", आणि तिन्ही वेळा निकाल त्यांच्या बाजूनं. एक शंका समजू शकतो. तीन शंका एकाच गोलात असतील तर सहाय्यक रेफ्रीनं मैदानातच झेंडा वर करायला नको होता का?

आणि "जिंकलो नसतोच" हे तुम्ही इतक्या सहज कसं म्हणता? ०-० झालं असतं तर एक गुण तरी होता. मे महिन्यात त्या एका गुणासाठी देव पाण्यात घालून बसाल.

काळी-पांढरी पट्टी

मी न्यूकॅसलवाला, तुमच्या घरात डोकावतोय, माफ करा. हावर्ट्झनं आमच्या लाँगस्टाफला जे मागून उडवलं त्याला नुसतं पिवळं कार्ड मिळालं, त्याबद्दल कुणीच काही बोलत नाहीये. लाल मिळालं असतं तर तुम्ही पहिल्या हाफपासून दहाजणच खेळला असता. बाकी जखमींची यादी वाचून दाखवल्याबद्दल आभार. त्याच जखमी संघानं बुधवारी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ३-० धुतलंय.

तोफवाला

@काळी-पांढरी, लाँगस्टाफचं मान्य. मग तुमच्या ब्रूनोनं आमच्या जॉर्जिन्होच्या डोक्यात मागून हात हाणला, त्याला तर पिवळंही नाही. हिशेब करायचाच तर पूर्ण करू.

हायबरी

दोघंही तावातावानं कालच्या सामन्यातच अडकलात. मला काळजी कमी वाटते, कारण सांगतो. मागच्या मोसमात याच टप्प्याला आपल्यावर ११ गोल झाले होते, आता नऊ. मार्चमध्ये आपला बचावपटू सलिबा जखमी झाला आणि त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. लिव्हरपूल आणि वेस्ट हॅम, दोन्हीकडे २-० पुढे असताना २-२. घरी तळाच्या साउदॅम्प्टनशी ३-३. मग मँचेस्टर सिटीनं चार घातले. शेवटी आपण ८४ वर अडकलो, सिटी ८९.

तेव्हा गोल कमी पडले नव्हते. सलिबा गेल्यावर मागं भगदाड पडलं, ते बुजवायला कुणी नव्हतं. यंदा त्याच्या पुढ्यात राइस उभा आहे. कालही अख्ख्या सामन्यात ती एक संधी सोडली तर आपल्या गोलकीपरला, रायाला, फारसं काम नव्हतं. आपले ओडेगार्ड, जेसुस आणि पार्टी हे तिन्ही खेळाडू नव्हते, आणि तरीही हरलो तो असल्या गोलानं. मे महिन्यात याच मैदानावर आपण २-० जिंकलो तेव्हा पहिला गोल ओडेगार्डचाच होता, हेही लक्षात घ्या.

पांढऱ्या बाह्या

हायबरीकाका, बचावाबद्दल वाद नाही. पण बचाव इतका भक्कम असेल तर फुलहॅम, स्पर्स, चेल्सी या तिघांशीही २-२ कसं झालं? फुलहॅमकडे तर शेवटची मिनिटं दहाच खेळाडू होते. चेल्सीविरुद्ध त्यांचा गोलकीपर सांचेझनं राइसला चेंडू भेट दिला म्हणून सामन्यात परतलो.

आणि सिटीला हरवलं, हरवलं म्हणून किती मिरवायचं? त्यांचा रॉड्री निलंबित होता. त्यातही गोल ८६व्या मिनिटाला, मार्टिनेलीचा फटका सिटीच्या अके या बचावपटूला लागून आत गेला.

आपल्या एन्केटियानं मागच्या शनिवारी हॅटट्रिक केली, मान्य. पण ती शेफिल्ड युनायटेडविरुद्ध, ज्यांचा बचाव सध्या कुणालाही वाट देतो. काल न्यूकॅसलच्या शार-लासेल्स या बचावफळीसमोर तो कुठं होता, शोधूनही सापडला नाही.

हायबरी

चेल्सीविरुद्ध दोन गोलांनी मागे असताना बरोबरी केली, त्याचा दोषही आपल्यालाच? कमाल आहे राव. रॉड्री नव्हता तसा त्या दिवशी आपला साकाही नव्हता, हे सोयीस्करपणे विसरलात.

नवखा गनर

गोलमध्ये रायाऐवजी रॅम्सडेल असता तर त्या क्रॉसवर...

तोफवाला

हा विषय इथं नको. त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तिथं आधीच रणकंदन चाललंय.

हायबरी

आत्ताच लुटनचा सामना संपला. लिव्हरपूल १-१! ८०व्या मिनिटाला चाँगचा गोल, ९५व्या मिनिटाला डियाझनं वाचवलं. म्हणजे तेही २४ वर, आपणही २४ वर. सिटीनं काल बोर्नमथला सहा घातले, ते २७. स्पर्स २६, त्यांचा उद्या चेल्सीशी सामना. अकराव्या फेरीत तीन गुणांचा फरक, आणि इथं मंडळी मोसमाची तेरावी घालून मोकळी.

पांढऱ्या बाह्या

तेरावी कुणी घातली नाही. बुधवारी सेविया, शनिवारी बर्नली, दोन्ही घरी. बर्नलीविरुद्ध एन्केटिया बाहेर, ट्रोसार्ड मध्ये आणि हावर्ट्झ बाकावर, एवढं करून बघा म्हणतोय.

तोफवाला

ट्रोसार्ड मध्ये, हे पटलं. हावर्ट्झला बाकावर बसवून ओडेगार्ड नसताना मधल्या फळीत खेळवणार कुणाला, विएराला?

पांढऱ्या बाह्या

विएरालाच. निदान फटका तरी मारतो.