व्हीसीआर फीत अर्धी ओढतो आणि परत सोडून देतो, सुरुवात कुठून करू?

माडाखालची (कुडाळ)

घरी व्हीएचएसचा जुना व्हीसीआर आहे, जपानी बनावटीचा, काकांनी १९८७ मध्ये मस्कतहून आणलेला. बाबांनी गावच्या जत्रेतल्या दशावताराचं चित्रण करून ठेवलंय, त्यात आजोबा संकासुराच्या सोंगात आहेत. त्या कॅसेटी संगणकावर उतरवून घ्यायच्या आहेत.

मशीन कॅसेट नीट आत घेतं. प्ले दाबलं की फीत ड्रमकडे, म्हणजे चित्र वाचणाऱ्या फिरत्या नळकांड्याकडे, ओढायला लागतं, मोटरचा आवाज येत राहतो, पण फीत पूर्ण गुंडाळली जात नाही. मग परत सोडतं आणि बंद पडतं. एकदा कॅसेट काढताना फीत आतच लोंबत राहिली. झाकण काढून दिव्याखाली बघायला गेले तर प्लेही घेईना. मला सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे. इथे दुरुस्त करणारं कुणी उरलेलं नाही.

जुना_कारागीर (कोल्हापूर)

ताई, जत्रेच्या कॅसेटी आधी कपाटात ठेवा. चाचणीला एखादी टाकाऊ सिनेमाची कॅसेट घ्या.

उजेडात प्ले घेत नाही, हा बिघाडच नव्हे. फितीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक तुकडा असतो. कॅसेटच्या पोटातल्या भोकात मशीनचा इन्फ्रारेड दिवा शिरतो आणि दोन्ही बाजूंचे सेन्सर त्याचा उजेड पाहतात. झाकण काढलं की खोलीचा उजेड सेन्सरवर पडतो, मशीनला वाटतं फीत संपली. वर काळा पुठ्ठा धरा. एवढं न कळल्यामुळे धडधाकट बोर्ड बदलले गेलेले मी पाहिलेत, फार वाईट वाटतं.

आता मूळ दुखणं. फीत ओढणारे दोन खांब रुळांवरून पुढे सरकतात आणि ड्रमच्या दोन्ही अंगांना असलेल्या व्ही आकाराच्या खोबणीत घट्ट बसतात. ते कुठे थांबतात, तेच बघायचं. वाटेतच थांबले आणि मोटर फिरतेय, तर लोडिंगचा बेल्ट घसरतोय. तुम्ही सांगता त्यावरून मला हेच वाटतं. मोटरही मध्येच गप्प झाली तर मोड स्विच (त्याचं खाली सांगतो), वाळलेलं ग्रीस किंवा कमी पडणारा वीजपुरवठा. खांब खोबणीपर्यंत पोचले, ड्रम फिरला, आणि काही सेकंदांनी सगळं मागे आलं, तर टेक-अप रील, म्हणजे चाललेली फीत गुंडाळून घेणारं रीळ, फिरत नाही. रील फिरल्याची खूण सेन्सरला मिळाली नाही, की फीत वाचवायला मशीन स्वतःच थांबतं. तुमची फीत लोंबली होती, म्हणजे आयडलरचं, म्हणजे रिळांना फिरवणाऱ्या छोट्या चाकाचं, रबरही गुळगुळीत झालं असणार. तेही बदलाच.

बेल्ट नवा घेताना जुन्याच्या मापाने घेऊ नका, तो ताणून मोठा झालेला असतो. थोडा लहान, तेवढ्याच जाडीचा, चौकोनी छेदाचा घ्या. पुलीची खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर नवा बेल्टही घसरेल. रुळांमधलं पिवळं, मेणासारखं झालेलं ग्रीस पूर्ण काढा आणि प्लास्टिकला चालणारं नवं अगदी पातळ लावा. त्याचा थेंबही बेल्टवर किंवा पिंच रोलरवर (फीत दाबून पुढे नेणारा रबरी रूळ) जाऊ देऊ नका.

हे सगळं करूनही अडलं तर मोड स्विच. यंत्रणा कुठल्या टप्प्यावर आहे हे तो बोर्डाला सांगतो. आतले संपर्क काळे पडले की बोर्डाला चुकीचा निरोप जातो. काढण्याआधी त्याची स्थिती आणि शेजारच्या गिअरवरच्या खुणा यांचा फोटो काढा, मार्करने रेघ मारा. एका दाताचा फरक पडला तरी गिअरांचा मेळ चुकतो आणि मोटर जोर लावून दात मोडते. हा भाग घाईत करायचा नाही.

वीजपुरवठ्याच्या बाजूला हात घालायचा असेल तर प्लग काढूनही मुख्य कॅपॅसिटर मीटरने तपासा. तिथे सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठलेले असू शकतात.

फीतवेडा (डोंबिवली)

कुडाळची हवा म्हटल्यावर एक सांगतो. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते का बघा. ती बुरशी. तशी कॅसेट लावली तर बुरशी ड्रमवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. पावसाळ्यात काम करू नका. काही मशीनमध्ये दवाचा सेन्सर असतो, तो ओलाव्यात यंत्रणाच अडवतो.

माडाखालची

काका, पुठ्ठा धरून पाहिलं. खांब निम्म्या वाटेवर थांबतात आणि पुली नुसती फिरते. बेल्ट काढला तर कडक, वाकलेलाच राहिला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात भाऊ जाणार आहे, त्याला नमुना दिलाय. पण टाकाऊ कॅसेट आत अडकलीय, ती कशी काढू? दोन कॅसेटींवर भुकटी आहे, त्या वेगळ्या ठेवल्या.

जुना_कारागीर

प्लग काढा. बेल्ट काढलेला आहे, तेव्हा मोटरची नव्हे, तर बेल्ट जिला फिरवतो ती पलीकडची पुली बोटाने उलटी फिरवा, खांब मागे येतील. फीत सैल पडू लागली की थांबा आणि रील हाताने फिरवून ती कॅसेटमध्ये घ्या. थोडं पुली, थोडं रील, असं आलटूनपालटून. सगळी फीत आत गेल्यावरच कॅसेटचा पाळणा वर येऊ द्या. ओढायचं बिलकूल नाही.

बेल्ट आल्यावर ड्रम पुसाल तेव्हा अल्कोहोल लावलेलं मऊ चामडं आडवं टेकवून ड्रम हाताने फिरवा. वरखाली घासलंत तर ड्रमवरचं हेड (फीत वाचणारं नाजूक टोक) तुटेल, आणि आता ते मिळणं कठीण. शेवटची व्हीसीआर कंपनी २०१६ मध्ये थांबली.

चित्र आल्यावर वर किंवा खाली मुंग्यांचा पट्टा दिसला तर खांब खोबणीत पूर्ण बसत नाहीयेत. तसं असेल तर दोन्ही खांबांचा जवळून फोटो टाका, मी बघतो.