कासची फुलं आणि सॅच्युरेशनचा स्लायडर: कुठवर चालेल?

रानवाट:
सप्टेंबर आला की कास पठाराचे फोटो सुरू होतात आणि दरवर्षी सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) चढवून गुलाबी रंग आणखी भडकतो. तेरडा मुळात जांभळट गुलाबी, फोटोत मात्र धुळवडीचा रंग. सीतेची आसवं निळसर जांभळी, ती थेट शाईसारखी. वर डीहेझ (धुकं पुसणारा स्लायडर) ४०-५० लावून मागचा डोंगर असा काढलेला की जानेवारी वाटावा. माझं म्हणणं, फुलाचं नाव लिहून फोटो टाकत असाल तर रंगाला हात लावू नका. उजेड कमी-जास्त करा, क्रॉप करा, बस. रॉयटर्सने २०१५ मध्ये बाहेरच्या छायाचित्रकारांना सांगितलं होतं, की रॉवरून (सेन्सरच्या कच्च्या फाइलवरून) बनवलेले फोटो नकोत, कॅमेऱ्यातले जेपेगच, म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार केलेले फोटो, पाठवा. ते उगाच नाही.

चौदाबिट:
ते बातमीच्या फोटोंसाठी होतं, आणि तिथे वेगाचाही प्रश्न होता. कॅमेऱ्यातल्या जेपेगला कुणी हात लावलेला नसतो, हा मात्र गैरसमज. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती), कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन, शार्पनिंग सगळं कॅमेरा परस्पर उरकतो. १४ बिटच्या रॉमध्ये लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक चॅनलला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. कॅमेऱ्यातली 'लँडस्केप' स्टाइल (तयार रंगसेटिंग) लावलेली असेल तर हिरवा-निळा आधीच चढवलेला. म्हणजे रंग कुणीतरी ठरवतोच, फक्त तुम्ही नाही.

खरा रंग हवा तर एडिटिंग करावंच लागेल. फुलावर पडतो त्याच उजेडात ग्रे कार्ड (रंगछटा नसलेलं करडं कार्ड) धरून एक फ्रेम घ्या. घरी एडिटिंग करताना त्या कार्डावर रंग उचलणारा ड्रॉपर टेकवा, तोच व्हाइट बॅलन्स बाकीच्या फ्रेम्सना लावा. रंगाचं प्रोफाइल 'कॅमेरा न्यूट्रल' ठेवा. दाट गवतात पाकळ्यांवर हिरवी झाक येते; कार्ड फुलाला खेटून धरलं नसेल तर ती तशीच राहते, मग टिंट (हिरवा-मॅजेंटा स्लायडर) थोडा मॅजेंटाकडे, म्हणजे जांभळट गुलाबीकडे, न्यावा लागतो.

मॅक्रोवाला:
भडक तेरड्याचं खापर दरवेळी स्लायडरवर फोडू नका. बऱ्याचदा घोळ शूटिंगमध्येच होतो. गुलाबी पाकळीत लाल चॅनल सगळ्यात आधी भरतो. तिन्ही रंगांचा एकत्र हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) 'अजून जागा आहे' म्हणतो आणि इकडे पाकळीवरच्या शिरा गायब, नुसता सपाट गुलाबी ठिपका. लाल-हिरवा-निळा वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली घ्या. कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम जेपेगवरून बनतो, त्यामुळे रॉ काढत असलात तरी स्टाइल न्यूट्रल ठेवा. रॉमध्येच लाल कापला गेला (पूर्ण भरून तपशील गेला) असेल तर कुठलाच स्लायडर शिरा परत आणत नाही.

आणखी एक: कर्व्हने (उजेड-अंधाराची वक्ररेषा वाकवून) कॉन्ट्रास्ट वाढवला की सॅच्युरेशनही गुपचूप वाढतं. फोटोशॉपमध्ये त्या लेयरचा ब्लेंड मोड 'ल्युमिनॉसिटी' करा, म्हणजे फक्त उजेड बदलतो.

रानवाट:
ग्रे कार्ड मान्य. ती दुरुस्ती आहे, रंगरंगोटी नाही. डीहेझचं काय?

चौदाबिट:
मास्क करून (तेवढाच भाग निवडून) फक्त लांबच्या डोंगरावर, १०-१५. त्यापुढे आकाशात नॉइज (दाणे) उठतो, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते. रंगही चढतो, म्हणून त्याच मास्कमध्ये सॅच्युरेशन पाच-दहाने उतरवा.

रानवाट:
पण पावसाळ्यात कासला जाऊन धुकं पुसायचंच कशाला, हे काही पटत नाही.

हिरवळ:
अहो, अर्धे भडक फोटो तर एक्स्पोर्टच्या चुकीने होतात. अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या रंगव्यवस्थेत सेव्ह केलेला फोटो, फाइलमधलं रंगाचं प्रोफाइल न वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये मरगळलेला दिसतो. मग मंडळी सॅच्युरेशन आणखी २० ने वाढवतात. नेटवर टाकायचा तर एसआरजीबी ही नेहमीची रंगव्यवस्था, विषय संपला. मोबाइलवाल्यांनी सीन ओळखणारं फीचर बंद करावं, हिरवा तिथेच उकळतो.

रानवाट:
आणि क्लोन, म्हणजे शेजारचा भाग वर चिकटवून नको ते झाकणं? मध्ये आलेली काडी पुसणं मला तरी खोटेपणाच वाटतो.

मॅक्रोवाला:
काडी हाताने बाजूला करायला वाट सोडून आत शिरावं लागतं आणि चार फुलं पायाखाली जातात. त्यापेक्षा क्लोन परवडला.

रानवाट:
काडी पुसा, पण पान, देठ, फुलामागची शेपटी सोडा. तेरड्याच्या जाती वेगळ्या करताना त्या शेपटीची लांबी बघतात. 'पार्श्वभूमी स्वच्छ' करण्याच्या नादात नेमकी तीच उडालेली असते. आणि पुसलं असेल तर फोटोखाली लिहा.

मॅक्रोवाला:
लिहायला हरकत नाही. पण मग जेपेगवाल्यांनीही कुठली स्टाइल लावली होती ते लिहावं.