गृहकर्जाच्या तोंडावर एकदम तीन क्रेडिट कार्डांचे अर्ज करू का?

चिंचवडकर (प्रश्न)

नमस्कार. निर्णय होत नाहीये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात आहे. हातात ५८ हजार येतात, नवऱ्याच्या ४६. मोशीत एक फ्लॅट बघून ठेवलाय. दसऱ्याला बुकिंग आणि लगेच ४० लाखांच्या गृहकर्जाचा अर्ज, असं चाललंय. त्यातच मार्गशीर्षात धाकट्या भावाचं लग्न. बाबा नाहीत, त्यामुळे बरीचशी खरेदी माझ्याकडे आहे: आईचा फ्रीज बदलायचाय, कपडे, नागपूरच्या मामांची तिकिटं.

माझ्याकडे पाच वर्षांपासून एकच कार्ड आहे. लिमिट ६० हजार. किराणा, पेट्रोल, सासऱ्यांची औषधं धरून महिन्याला ४० हजारांपर्यंत त्यावरच जातात आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरते. एकदाही तारीख चुकवलेली नाही. जुलैत सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण, ७६८ होता.

गेल्या रविवारी मॉलमध्ये कार्डांचा स्टॉल होता. पेट्रोलसाठी एक, ऑनलाइन खरेदीसाठी दुसरं, विमानतळावरच्या लाउंजसाठी तिसरं. दोन लाइफटाइम फ्री, तिसऱ्याची पहिल्या वर्षाची फी माफ. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, तिन्ही अर्ज एकाच दिवशी टाका. एका बँकेला दुसरीचं कळत नाही आणि स्कोअर एकदाच हलतो." हे खरं आहे का? हिशोब केला तर लग्नाच्या खरेदीत नऊ-दहा हजार वाचतात. आमच्यासाठी ही छोटी रक्कम नाही.

आई म्हणते, "एका वाण्याच्या वहीत आपलं पान आहे ना, मग तीन दुकानांत पानं कशाला?" तिचं मन मोडवत नाही, पण मला त्यामागचं कारण समजून घ्यायचंय.

निवृत्त कर्ज अधिकारी, सातारा

ताई, मी सरकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ गृहकर्जाच्या टेबलावर. म्हणून जरा लांबण लावतो.

त्या मुलाचं म्हणणं चूक आहे. बँकेने तुमचा क्रेडिट अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि कार्डांच्या नोंदी, मागवला की त्यात चौकशीची नोंद पडते. तीन बँकांनी मागवला तर तीन नोंदी. एका दिवशी आल्या म्हणून त्यांची एक होत नाही. आणि त्या दिवशी कोणाला कळलं, कोणाला नाही, हे सोडाच. तुमच्या गृहकर्जाची फाइल ज्याच्या हातात जाईल तो माणूस तुमचा अहवाल दीड-दोन महिन्यांनी उघडणार आहे. त्याला सगळं दिसणार.

अहवालाच्या शेवटी एक तक्ता असतो. बँकेचं नाव, तारीख, कशासाठी चौकशी, किती रकमेची. मी स्कोअर बघून झाला की आधी ते पान काढायचो. एक जोडपं अजून डोळ्यांसमोर आहे. दोघंही शिक्षक, स्कोअर ७७० च्या वर, पगार नियमित. त्या तक्त्यात आठ दिवसांत चार बँका, चारही ठिकाणी 'क्रेडिट कार्ड'. मला विचारावंच लागलं, "अशी काय नड आली होती?" बाई रडवेल्या झाल्या. नड कसलीच नव्हती, ऑफर चालू होत्या म्हणून अर्ज केले होते. पण आलेली दोन कार्डं कशासाठी घेतली, त्यांवर किती बाकी आहे, हे लेखी घ्यावं लागलं, फाइल वर पाठवावी लागली आणि तीन आठवडे गेले. बिल्डरने तेवढ्यात दोनदा तगादा लावला होता.

आता पैशांचं बोलू. कित्येक बँका गृहकर्जाचा व्याजदर स्कोअरच्या टप्प्यांनुसार ठरवतात. ४० लाख, २० वर्षं: ८.५० टक्क्यांनी हप्ता साधारण ३४,७१० रुपये, ८.७५ ने ३५,३५० च्या आसपास. महिन्याला ६३५-६४० चा फरक, मुदतभरात दीड लाखाच्या वर. अशा नोंदींमुळे स्कोअर पाच-दहा गुणांनी उतरला तर एरवी काही बिघडत नाही. पण तुम्ही टप्प्याच्या काठावर असाल तर तेवढ्यानेही दर बदलू शकतो. दहा हजार वाचवायला ही जोखीम मी माझ्या मुलीला घेऊ दिली नसती.

एक विचारतो, राग मानू नका. त्या स्टॉलवर तुम्ही पॅन नंबर दिलात का? मोबाइलवर ओटीपी आला होता का?

नाशिककर

मी हे करून बसलोय. दोन वर्षांपूर्वी एका आठवड्यात तीन अर्ज. दोन नामंजूर, तिसरं कार्ड आलं ते ३५ हजार लिमिटचं. एका व्हाउचरसाठी एकदाच वापरलं आणि कपाटात ठेवून दिलं.

दुसऱ्या वर्षी त्यावर ४९९ रुपये वार्षिक फी लागली. १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे. बिल एका जुन्या ईमेलवर जात होतं, जो मी उघडतही नव्हतो. लेट फी, व्याज, पुन्हा लेट फी. वसुलीचा फोन आला तेव्हा तीन महिने झाले होते. पैसे त्याच दिवशी भरले, पण थकबाकीची नोंद पडली ती पडलीच. आता बहिणीच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून सही करायची वेळ आली तर तीच नोंद समोर येतेय. ५८८ रुपयांपायी. तिला काय सांगू, तेच कळत नाहीये.

सहा कार्डंवाली, ठाणे

माझ्याकडे सहा कार्डं आहेत आणि सहाही उपयोगाची आहेत. त्यामुळे कार्ड घेऊच नका असं मी म्हणणार नाही. पण सहा कार्डं व्हायला मला सात वर्षं लागली.

चिंचवडकर, तुमची खरी अडचण वेगळी आहे. ६० हजारांच्या लिमिटवर ४० हजार म्हणजे जवळपास ६७ टक्के वापर. स्कोअरसाठी तो ३० टक्क्यांच्या आत असलेला बरा. तुम्ही बिल पूर्ण भरता, पण सहसा बिल तयार होतं त्या दिवशीची बाकी अहवालात जाते. म्हणून दोन गोष्टी करा. आहे त्याच बँकेला लिमिट वाढवून मागा, मात्र त्यासाठी नवी चौकशी टाकणार का ते आधी विचारा. आणि बिल तयार व्हायच्या तीन-चार दिवस आधीच पंचवीस-तीस हजार भरून टाका. मी हे दर महिन्याला करते, फ्रीजवर तारखांचा कागद लावलाय.

दुकानातल्या 'नो कॉस्ट ईएमआय'लाही जपा. फायनान्स कंपनीमार्फत फ्रीज घेतला तर ते कर्ज म्हणूनच नोंदलं जातं. गृहकर्ज मंजूर होऊन रक्कम हातात पडेपर्यंत आईचा फ्रीज रोखीने किंवा आहे त्या कार्डावरच घ्या. नवं कार्ड नंतर. तेही एकच, पेट्रोलचं, कारण चाकणला रोजचं जाणं-येणं आहे तुमचं. लाउंजचं कार्ड कशाला? वर्षातून किती वेळा विमानाने जाता?

चिंचवडकर

काका, तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. पॅन दिला होता. "फक्त पात्रता बघतो" म्हणून आलेला ओटीपीही त्याला सांगितला होता. सही कुठेच केली नव्हती, म्हणून मी निर्धास्त होते.

काल रात्री अहवाल काढला. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, हेही मला आत्ता कळलं. शेवटच्या पानावर त्याच रविवारची तारीख, एका बँकेचं नाव, पुढे 'क्रेडिट कार्ड'. मोबाइलमध्ये मागे जाऊन पाहिलं तर अहवाल बघितला गेल्याचा एसएमएसही आलेला होता. जाहिरातींच्या गर्दीत मी तो उघडलाच नव्हता.

आता काय करू?

निवृत्त कर्ज अधिकारी, सातारा

घाबरू नका. एका नोंदीने कोणी कर्ज नाकारत नाही.

बँकेला आजच ईमेल करा: अर्ज मला पुढे न्यायचा नाही, रद्द करा. मॉलचं नाव, तारीख, काय सांगून ओटीपी घेतला, सगळं लिहा. अहवाल देणाऱ्या कंपनीकडेही हरकत नोंदवा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ओटीपी तुम्हीच दिलात म्हणून ती संमतीच धरतील, त्यामुळे नोंद पुसली जाईल असं वचन मी देत नाही. पण ईमेलची प्रत गृहकर्जाच्या फाइलला जोडा. मी टेबलावर असतो तर तेवढ्यावर पुढचा प्रश्न विचारला नसता.

तरी कार्ड घरी आलंच तर वापरू नका. ३० दिवसांत चालू केलं नाही तर बँकेला ओटीपीने तुमची संमती मागावी लागते आणि ती दिली नाहीत तर कार्ड विनाखर्च बंद करावं लागतं. तो ओटीपी मात्र कोणालाच सांगू नका.

चिंचवडकर

दोन्हीकडे तक्रार गेली, क्रमांक वहीत उतरवून ठेवलेत. बिलाची तारीख १८ आहे, आज २८ हजार आधीच भरले. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, फ्रीज चालतोय अजून, संक्रांतीनंतर बघू.